देवीनं मागितलेला बैल

माझ्या सख्ख्या आत्यानं मला फसवलं, आणि माझा ठरलेला बैल तिच्या जावयाच्या दावणीला गेला.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी विशीतला, स्वतःच्या हिमतीवर बैलांचा व्यापार करणारा. येरमाळ्याच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवला आणि एका खिल्लार बैलाचा सौदा पक्का केला. माझ्या बैलाला अगदी शोभेल असा जोडीदार! अट एकच : दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत न्यायचा.

सकाळी फेटा बांधताना आरशात पाहिलं, तर गालावर, हनुवटीवर पुटकुळ्याच पुटकुळ्या! (महिनाभर येत होत्या, पण बैलाचे दात सोडून आपलं तोंड कोण बघतो?)

आत्यानं पाहिलं आणि हातच जोडले. "देवी आल्या गं बाई! बसा, उठू नका."

जन्मभर मला 'मुडद्या' म्हणणारी आत्या चक्क 'बसा' म्हणाली!

दाराला कडुलिंबाचा पाला लागला, फोडणी बंद झाली, शेजारणी पाया पडू लागल्या. मी भडकलो. "आत्ते, माझा बैल जाईल!"

"ऐकलं का? देवीनं बैल मागितला!"

कुंभाराकडून मातीचा बैल आला.

"ह्यो न्हाय! जिता पायजे!"

"कोपली गं!" म्हणत आणखी दोन आणले.

शेवटी शेजाऱ्यानं हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी माझी हनुवटी धरली, बैलाची धरावी तशी.

"बुखार आला?"

"न्हाय."

"मग कसली देवी, मियाँ? देवीच्या रोगात दाणे सगळे एका वयाचे. हे बघा : हे काळं टोक, हा लाल फोड, हा पिकलेला. पाठीवर पण आहेत?"

"हायत."

"खोल गाठी नाहीत. ना थोड्या, ना फार, मधल्या दर्जाच्या, तारुण्यातल्या मुरमांच्या पुटकुळ्या. नख लावू नका, नाहीतर खड्डे पडतील."

मी आरसा ओढला. खरंच की! एकाच गालावर वासरं, गोऱ्हे, म्हातारे बैल, सगळा बाजार भरलेला!

धावत येरमाळा गाठला. दुपार टळली होती. बैल आत्याच्या जावयानं नेला होता.

"देवीची इच्छा, मुडद्या," आत्या म्हणाली.

दात बघून बैलाचं वय सांगणाऱ्या मला स्वतःचं तोंड वाचता आलं नाही, हे कबूल. पण जावयाला बाजारात कुणी धाडलं? आणि माझ्या बैलाच्या जोडीला मातीच्या तिघांतला कुठला जुंपू? आत्यानं आधी याचं उत्तर द्यावं!