दोन डोळ्यांचं अक्षर

पोरांची अक्षरं मी केली होती आणि त्यात ळ नव्हता. विसरलो नव्हतो. मुद्दाम केला नाही.

हे आधीच सांगून टाकतो. गोल फिरून बोलायची मला सवय नाही, आणि एका जागी फार वेळ बसवतही नाही. बायको गेली त्याला एक पावसाळा उलटला. तेव्हापासून दोन ओळी लिहितो, उठतो, अंगणात जातो, रंधा हातात घेतो, रंधायला काही नसतं, ठेवतो, परत येतो. शाळा मी दुसरीतून सोडली. लिहिणं-वाचणं जे काय आलं ते तिच्यामुळं, तेही उशिरा. चुकलं तर चुकलं.

आमचं गाव देऊळघाटाहून पायी जाण्यासारखं. मी सुतार. औत, तिफण, गाडीची चाकं, कुणाच्या दाराची चौकट. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं आणि गावोगाव काही ना काही उघडत होतं. आमच्याकडं बालवाडी आली. ब्लॉक ऑफिसातल्या एक बाई जीपमधून उतरल्या, मारुतीच्या देवळाची ओसरी पाहिली आणि विचारलं, गावात चौथी शिकलेली बाई कोण? एकच होती. माझी. चिखलीकडचं माहेर तिचं, तिथं मुली शाळेत जायच्या. तिला शिकवायला बुलढाण्याला नेलं, आणि परत आली ती डोक्यात वारं घेऊनच आली.

नेमणूक कच्ची होती. ब्लॉकवाल्या बाई पुन्हा येऊन पाहणार, पसंत पडलं तर कायम, नाही तर चिखलीहून मॅट्रिक झालेली मुलगी आणणार. हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आम्हाला लेकरू नव्हतं. पुढंही झालं नाही. तिला एकदम पंचवीस लेकरं मिळाली होती आणि ती जातील या भीतीनं ती भाकर थापतानाही पुटपुटायची.

सरकारकडून एक फळा आला आणि खडूची पेटी. बाकी सगळं स्थानिक साधनांतून करायचं, असं तिला सांगितलं होतं. स्थानिक साधन म्हणजे मी.

लेकराच्या हातात वस्तू दिल्याशिवाय आकडा डोक्यात जात नाही, हे ती बुलढाण्याहून शिकून आली होती. चिंचोके गोळा केले. एक पोरगं चिंचोक्यांऐवजी बिब्बे घेऊन आलं, हाताला फोड आले, त्याच्या मायनं ओसरीवर येऊन आमच्या सात पिढ्या काढल्या. ज्वारीचे धांडे बोटाएवढे कापायचे आणि दहाची पेंडी सुतळीनं बांधायची. अकरा म्हणजे एक पेंडी आणि एक सुटा धांडा. मला अकरा म्हणजे दोन काड्या शेजारी उभ्या, इतकंच माहीत. ती पेंडी हातात घेतली तेव्हा मला कळलं की डावीकडची काडी मोठी का. लग्न झालेला बाप्या मी, मिशा होत्या मला. तिला बोललो नाही.

मग लिंबाच्या काडीचे मणी केले. तापल्या तारेनं भोकं पाडली, गेरू लावला, दहा-दहा मण्यांच्या माळा ओवल्या. पोरं त्या मोजायची, गळ्यात घालायची, चोखायचीसुद्धा.

मग ती म्हणाली, "अवो, अक्षरं पाह्यजे. लाकडाची. त्याच्यावरून बोट फिरलं पाह्यजे."

औषधांच्या खोक्यांच्या फळ्या मिळाल्या. ती चुलीच्या राखेत बोटानं अक्षर काढायची, मी ते पाहून फळीवर उतरवायचो, करवतीनं कापायचो आणि काचकागदानं घासायचो. तिनं एक जाड कापडाची पिशवी शिवली. अक्षर पिशवीत टाकायचं, पोरानं न पाहता हात घालायचा, चाचपायचं आणि सांगायचं कोणतं ते. पोरं त्या पिशवीसाठी मारामारी करायची.

सुरुवातीला मला गंमत वाटली. मग वाटेना. पारावर बसलं की सुरू व्हायचे.

"काय मिस्तरी, आज भाकर तुनंच थापली म्हन्तात?"

"मास्तरीणबाईनं तुलेबी घेतलं का बे बालवाडीत?"

"घेतलंच असंल. त्याले तरी कुठं क-ख येते."

मी तिथं हसायचो आणि घरी येऊन वरणात मीठ जास्त झालं म्हणायचो. मीठ बरोबर असायचं.

सगळी अक्षरं झाली, ळ राहिला. आमच्या बोलण्यात ळ नाही, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. लिहितो शाळा, म्हणतो शाया. फळा तो फया, डोळा तो डोया. आता लिहिताना मी ळ काढतो, पण तोंडातून आजही य पडतो.

"एक अक्षर राह्यलं न," ती म्हणाली.

"कोन म्हन्ते त्याले? कायले पाह्यजे?"

"लिवतानी लागते."

"दोन भोकं हायेत त्यात. फयी चिरते."

फळी चिरत नव्हती. चाकात आरे बसवणाऱ्या माणसाला दोन भोकांचं काय भ्या? गिरमिट होतं, कानस होती. तिनं दुसऱ्यांदा मागितला तेव्हा मी म्हटलं, "एवढा पाह्यजे तर तुह्या ब्लॉकवालीले मांग." ती नापास झाली तर घरी बसेल आणि पारावरची तोंडं बंद होतील, एवढाच माझा हिशेब होता.

आषाढात बाई आल्या. मी ओसरीच्या खांबाला पाचर मारत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. बाई पुण्याकडच्या. बोलणं धुतल्या तांदळासारखं. त्यांनी मण्यांची माळ उचलून धरली.

"सांगा बाळांनो, हे काय आहे?"

"माय!" ओसरीभर एकच आवाज.

"आई?" बाईंनी मागं वळून पाहिलं, कुणाची आई आली की काय.

"नाई, माय. दहा मन्याची माय."

एका पोरीनं न सांगताच लाकडी अक्षरं लावून दाखवली. म, त्याला काना, पुढं य.

"अगं, इथं ळ हवा. ळ कुठं आहे?" बाईंनी ढिगात शोधलं, पिशवीत शोधलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी पाचर ठोकत राहिलो.

"ते अक्षर नाई बाई," ती म्हणाली.

"बरं. तुम्ही म्हणून दाखवा. माळ."

"माय."

"माळ. नीट ऐका. माळ."

"माय."

तिसऱ्या वेळी तिचे ओठच हलले, आवाज आला नाही. पोरं तिच्या तोंडाकडं पाहू लागली. लेकरांना कळतं, आपली बाई हरून राह्यली ते.

ब्लॉकवाल्या बाई वाईट नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हालाच म्हणता येत नाही, तर मुलं काय ऐकणार आणि काय वाचणार? मी पोळ्यानंतर येते. तोपर्यंत ळ यायला हवा. नाही तर माझा नाइलाज आहे."

त्या दिवशी घरी आल्यावर ती रडली नाही. भाकर केली, पिठलं केलं. मी जेवलो. मला बरं वाटलं होतं. लपवून काय करू, बरंच वाटलं होतं.

गावात तलाठी नवे होते, तेही पुण्याकडचे. त्यांची पाच वर्षांची मुलगी बालवाडीत यायची आणि कोपऱ्यात बसायची, कारण ती शाळेला शाळा म्हणायची आणि पोरं तिला वाकडजिभी म्हणायची. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्या पोरीला कोपऱ्यातून उठवून पुढं बसवलं आणि म्हणाली, "मले शिकव."

मी हे ऐकलं होतं. पाहिलं ते मग एकदा, एक पाट दुरुस्त करून द्यायला गेलो तेव्हा. बायको जमिनीवर मांडी घालून बसलेली, तोंड उघडं. पोरगी तिच्यापुढं उभी, एका हातानं तिची हनुवटी धरलेली.

"बाई, जीभ वर न्या. अजून मागं. अजून. आता सोडा."

"ल."

"ल नाही हो बाई!" पोरीनं कपाळावर हात मारला.

मागं बाकीची सगळी लेकरं जिभा वळवून बसली होती, लाळ गळत होती, एकमेकांच्या तोंडात पाहत होती. बायको पुन्हा म्हणाली, पुन्हा ल झाला. पोरं हसली. तीही हसली, आणि मग पदरानं डोळे पुसले. हसून पाणी आलं की कशानं, दारातून दिसलं नाही. मी पाट भिंतीला टेकवला आणि तसाच निघालो.

ळ तोंडात आला तेव्हा एकदम आला आणि मग थांबेना. चार दिवस तिनं सगळ्या य-चा ळ केला.

"अवो, गाळ पान्यावर नेली का?"

"काय नेली?" मी म्हटलं.

"गाळ. आन पाळ धुऊन घरात शिरा."

मी म्हटलं, "तुले कावीळ झाली का ळ-ची?" मी कावीय म्हणालो खरं म्हणजे. ती एवढी हसली की मलाही हसू आलं आणि मी तोंड फिरवलं. शेवटी त्या पोरीनंच तिला दम दिला, बाई, गाय ती गायच!

पोळा जवळ आला होता. लोक औजारं घेऊन दारात बसलेले. मी ती बाजूला सारली आणि फळी घेतली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ओसरीवरचं ते उघडं तोंड पाहिल्यापासून हाताला दुसरं काम सुचत नव्हतं. एका दुपारात अक्षर झालं. फळी कुठंच चिरली नाही.

तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं, मग परत फिरवलं.

"झाला?"

"हाव."

"चिरली नाई फयी?"

"नाई."

ती लाकडाकडंच पाहत होती. माझ्याकडं तिनं मान वर केली नाही. तेव्हा मला समजलं की हिला आधीपासून माहीत आहे.

पोळा झाला आणि बाई आल्या. मी त्या दिवशी कामाचं निमित्तसुद्धा नेलं नाही, खांबाला पाठ लावून उभा राहिलो. बाईंनी सगळ्यात शेंबडं पोरगं निवडलं आणि पिशवी पुढं केली. त्यानं कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं.

"सांग, कोणतं?"

"दोन डोयाचं!"

बाईंना हसू आवरेना. "बरं, दोन डोयाचं. पण त्याचं नाव काय?"

पोरानं जीभ वळवली, डोळे मिटले, आणि थुंकीसकट म्हणालं, "ळ!"

मग बाईंनी माळ उचलली आणि माझ्या बायकोकडं वळल्या. त्यांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माळ." स्वच्छ. आणि पुढं म्हणाली, "पन बाई, घरी हे माय म्हन्तीन. म्हनू द्या. लिवतानी ळ लिवतीन, ते माह्यावर."

बाईंनी ते लाकडी अक्षर हातात घेऊन उलटंपालटं केलं. बाकीची अक्षरं पोरांच्या हातांनी काळपटली होती, हे पांढरं होतं.

"हे आत्ता केलेलं दिसतंय. सगळी अक्षरं होती, हे एकच मागच्या वेळी का नव्हतं?"

मी तिथंच होतो. तोंड उघडायचं होतं, इतकंच काम होतं.

"लाकूड सरलं होतं बाई," बायको म्हणाली. "मीच सांगतलं नोतं त्यायले."

"सांगायला हवं होतं. साधनं पूर्ण ठेवणं तुमचं काम आहे." बाईंनी वहीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. नेमणूक कायम. खाली शेरा, साधनांच्या बाबतीत निष्काळजीपणा आढळला. त्याखाली तिनं सही केली.

परत येताना ती पुढं चालत होती. पाय जमिनीवर नव्हते. दिसेल त्याचं नाव घेत होती. बाभूळ. केळ. आभाळ. वळून माझ्याकडं पाहून म्हणाली, "आवळा. म्हना न तुमी."

सांगायला तीच वेळ होती. रस्त्यात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "घरी तरी मानसासारखी बोल."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर घरात तिनं ळ काढला नाही. म्हातारी होऊन बालवाडी सुटली तोपर्यंत, आणि सुटल्यावरही. ओसरीवर माळ, घरात माय. मीच तसं म्हटलं होतं, आणि नंतर कधी म्हटलं नाही की बोल, मला ऐकायचंय. शेवटी बुलढाण्याला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, कुठं दुखतंय? ती म्हणाली, "गळ्यात." डॉक्टरीणबाई गेल्या. तिनं माझ्याकडं मान वळवली आणि म्हणाली, "पानी द्या न. गया सुकला."