आबांच्या नावेतलं पेट्रोल आणि न पेटलेली काडी

आधीच सांगून टाकते — भुतंखेतं, करणी, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. मानायला फुरसत लागते, ती मला कधी मिळाली नाही. धुळ्यात आमच्या देवपूरच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिला पाणी पाजायला जायची, पाया पडायला नाही. तुमच्या या पानावर लोक लिहितात... पिंपळाखालची पांढरी साडी, विहिरीतून येणाऱ्या हाका... मी वाचते, हसते आणि पोळ्या लाटायला उठते. पण माझ्या माहेरी एक गोष्ट घडली, ती मला आजवर उलगडलेली नाही. तिच्यात ना पिंपळ, ना पांढरी साडी. भर उन्हात, घरभर पाव्हणे असताना घडली, आणि घडली कुठे, तर पेट्रोलच्या टाकीपाशी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझं माहेर तापीकाठचं, फैजपूरपासून फार लांब नाही. गावाचं नाव लिहीत नाही, भाऊबंद वाचतात. आमची निम्मी केळी नदीच्या पलीकडे होती. मजूर न्यायचे, घड आणायचे, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, इंजिनाची लोखंडी नाव घेतली होती. गावात कोणाकडे तेव्हा फटफटीसुद्धा नव्हती आणि आबांकडे बोट! धोतराचा सोगा खोचून ते मागच्या फळीवर असे उभे राहायचे, की पलीकडे केळीची बाग नसून विलायत आहे असं वाटावं. मग पूल झाला. नाव ओढून खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. पण आबा म्हणाले, टाकी भरलेलीच राहू द्या, पुलाचा काय भरवसा. पुढे त्या पुलावरून ट्रक गेले, वराती गेल्या, खुद्द आबांची अंत्ययात्रा गेली... तरी टाकीला कोणी हात लावला नाही. आबांचा शब्द होता ना.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. माझ्या भावाची, दादाची, मुलगी सुनंदा — तिचं लग्न निघालं. आता हे 'निघालं' किती कष्टानं निघालं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुनंदाचं आधी एक जमलं होतं. चांगला मुलगा, पाचोऱ्याचा. सुपारी फुटायच्या दिवशी नारळ फोडला तो नासका निघाला. माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, उठून उभी राहिली आणि म्हणाली, हे होणे नाही. झालं. मायच्या पुढे आबांचं चालत नव्हतं, तिथे दादाचं काय चालणार? त्यानंतर दोन वर्षं पोरगी मान खाली घालून कपाशी वेचत होती. आता दुसरं स्थळ जमलं होतं, सुनंदाच्या मनासारखं, आणि सगळं घर श्वास रोखून होतं की मायला कुठे काही दिसू नये. मांजर दिसलं की वहिनी त्याला दूध दाखवून परसात न्यायची. उपासाला म्हणून नारळ आणला तर दादा तो आधी कानाशी धरून हलवून बघायचा.

आम्ही दोघं धुळ्याहून चार दिवस आधी पोचलो. आमचे हे म्हणजे मोटारींच्या वर्कशॉपमधले हेडमेकॅनिक. माणूस लाखात एक, पण काळजीखोर. घरात स्टोव्ह पेटवायचा तरी मला मागे सरकायला सांगतात. तर आचारी खळ्यात आला आणि म्हणाला, भट्टी इथे शेडच्या सावलीला खणू, उन्हात माझी माणसं टिकणार नाहीत. हे शेडमध्ये डोकावले, दोनदा नाकानं हुंगलं आणि विचारलं, त्या नावेत काय आहे? दादा सहज म्हणाला, काही नाही, आबांचं पेट्रोल.

ह्यांनी तिथेच व्याख्यान सुरू केलं. जुनं पेट्रोल, पत्र्याची शेड, वैशाखाचं ऊन... टाकीला कुठे बारीक पाझर असला तर वाफ जमिनीलगत पसरून बसते, दिसत नाही, हलत नाही, नुसती ठिणगीची वाट बघते. आधी टाकी रिकामी करायची, मग भट्टी. तेही शेडमध्ये नाही, नाव उघड्यावर काढून. आणि शेवटी म्हणाले, मी फैजपूरहून हातपंप आणि लोखंडी डबे घेऊन येईपर्यंत कोणी काही करायचं नाही.

आमचे नाना, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, तोंडात विडी धरून ऐकत होते. त्यांना पंपाचं काही पटेना. म्हणाले, "जावईबापू, पंप कायले पाह्यजे? नळी घाला, मी तोंडानं ओढतो. ट्रॅक्टरचं डिझेल जिंदगीभर असंच काढलं."

"नाना, ते पोटात गेलं तर?"

"तं काय होईल?"

"तर लग्नात तुमच्यापासून दिवे लांब ठेवावे लागतील."

सगळे हसले, नानाही हसले, आणि हे सायकल घेऊन फैजपूरला गेले. जाताना सांगून गेले — शेडची दारं उघडी ठेवा, वारा खेळू द्या, आणि नाना, ती विडी खळ्याबाहेर.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगितल्यावर शहाणी माणसं गप्प बसतील. माणसं शहाणीच होती. पण दादाला वाटलं, किती आहे ते तर बघू, म्हणजे डबे पुरतील की नाही कळेल. त्यानं झाकण काढलं आणि काठी घालून पाहिली. काठी ओली होऊन वर आली, रंग काळ्या चहासारखा, आणि वास असा की जुन्या कपाटाला नवं रोगण लावावं. हे चाललं होतं तेवढ्यात माय काठी टेकत आली. म्हणाली, त्यांची नाव जागची हलवणार आणि पूजा नाही? तापीमायच्या जन्माला दरवर्षी हिची पूजा व्हायची. तुम्ही काय भंगार समजलात हिला?

आणि सांगते, कोणाच्या म्हणजे कोणाच्या डोक्यात आलं नाही. विडी म्हणजे विस्तव, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. नानांनी तर विडी विझवून कानावर ठेवली होती. पण निरांजन म्हणजे विस्तव, हे कसं सुचणार? निरांजन म्हणजे देव! वहिनीनं ताट केलं — हळदकुंकू, नारळ, कापूर, तुपाची फुलवात. माझ्याकडे उदबत्त्या होत्या. टाकीचं तोंड उघडंच होतं, मायनं स्वतः त्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. आम्ही हात जोडून अर्धगोल उभे राहिलो आणि वहिनीनं काडी ओढली.

पेटली नाही.

दुसरी ओढली. तीही नाही. गुलाला नुसता ओरखडा पडायचा. नाना म्हणाले, बायकांना काडी ओढता येत नाही, आण इकडे. त्यांच्या चार-पाच काड्या गेल्या. विडी ओढण्यात जन्म गेलेला माणूस, वाऱ्यात, पावसात, चालत्या बैलगाडीत काडी पेटवणारा... पेटेना. दादानं ओढल्या. दोन मोडल्या, बाकीच्यांनी नुसता चरचर आवाज केला. मी म्हटलं, पेटी खराब असेल, आणि स्वैपाकघरात जाऊन चुलीजवळची पेटी आणली. तिच्यातल्याच काडीनं वहिनीच्या बहिणीनं माझ्या डोळ्यांदेखत स्टोव्ह पेटवला होता. शेडमध्ये तीही मुकी.

मग मला चेव आला. निरांजन उचललं, ओसरीवर नेलं, तिथे त्याच पेटीतली काडी ओढली. पहिल्या फटक्यात भडका! फुलवात लावली, पदराचा आडोसा केला आणि हळूहळू खळ्यातून आले. पान हलत नव्हतं. ज्योत सुईसारखी सरळ. शेडच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि गेली. फडफडली नाही, बारीक झाली नाही. चिमटीत धरून विझवावी तशी गेली. वातीतून धूरसुद्धा निघाला नाही.

सगळ्यांनी मायकडे पाहिलं. माय नावेला टेकून उभी होती, आणि ओठ तसेच आवळले होते, नासक्या नारळाच्या दिवशी आवळले होते तसे. दारात सुनंदा येऊन उभी होती. हाताला मेंदी लावलेली, म्हणून दोन्ही हात पुढे धरलेले, जसं काही कोणी त्यांत काहीतरी ठेवणार आहे. तिला कळलं होतं. आम्हालाही कळलं होतं. दादा तर तिथेच पोत्यावर बसला.

माय म्हणाली, "त्यांच्या मनात नाही. हे लगीन थांबवा."

वहिनीनं ताट खाली ठेवलं. मी काही बोलणार, तेवढ्यात खळ्याच्या फाटकाशी सायकल आपटल्याचा आवाज झाला. आमचे हे आले होते. शेडच्या दारात आले आणि त्यांना एका नजरेत सगळं दिसलं — उघडी टाकी, कापूर, निरांजन, जमिनीवर काड्यांचा सडा, आणि काडी ओढायला सज्ज असे नाना. आमचे हे एरवी सासुरवाडीत पुस्तकासारखं बोलतात. पण मूळचे धुळ्याकडचे, जीव घाबरला की तोंडातून अहिराणीच निघते.

"ते पेट्रोल शे! बठ्ठा जण बाहेर निंघा!"

बठ्ठा म्हणजे सगळे. आम्ही सगळे निघालो. बाहेर आल्यावर ते बांधावर बसले, घामानं निथळत. मग हळू आवाजात सांगितलं, की एक काडी पेटली असती तर शेड, नाव आणि आपण सगळे गेलो असतो. नानांनी कानावरची विडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि लांब भिरकावली.

माय मात्र हलली नाही. तिचं आपलं तेच, दिवा लागला नाही, अपशकुन तो अपशकुन. तेव्हा सुनंदा, जी दोन वर्षं मायसमोर वर मान करून बोलली नव्हती, ती मेंदीचे हात तसेच धरून म्हणाली, "माय, काडी पेटली असती, तं अपशकुन झाला असता ना?"

मायनं तिच्याकडे पाहिलं. मग शेडकडे. मग आमच्याकडे एकेक करून, जसं काही मोजून घेत होती की सगळे आहेत ना. आणि म्हणाली, "पोरगी खरं बोलते." डोळे पुसले, आणि लगेच आवाज चढवून, "मंग उभे काय राह्यले? नाव काढा बाहेर, आचारी खोळंबला!"

पुढचं काम ह्यांनी अगदी रीतसर केलं. आधी झाकण लावलं. केळीची खोडं आणून नावेखाली टाकली. ओली खोडं इतकी गुळगुळीत, की ती लोखंडाची नाव ताटातल्या बुंदीच्या लाडवासारखी घरंगळत पार बांधापलीकडे गेली. तिथे मोकळ्या वाऱ्यात हातपंपानं हळूहळू उपसा केला. डबे जमिनीवर ठेवलेले, काठोकाठ न भरलेले, आणि वाळूचं घमेलं जवळ. बघ्यांत बायका जास्त. एकीला साडीवरच्या डागासाठी बाटलीभर हवं होतं, एकीला गुडघ्याला चोळायला, एकीला पोरीच्या उवांवर. ह्यांनी कोणालाही थेंब दिला नाही. सगळे डबे बूच लावून बैलगाडीतून फैजपूरच्या गॅरेजवाल्याकडे पाठवले, गाडीवानाची विडी काढून घेऊन. टाकी उघडी करून दोन दिवस वाऱ्यावर ठेवली. सगळा वास गेल्यावर भट्टी लागली, आणि लग्न झालं. वांग्याचं भरीत असं झालं होतं की वरपक्षाकडचे आजही आठवण काढतात.

आता राहिला प्रश्न काड्यांचा. ह्यांना मी विचारलं. म्हणाले, ओल्या असतील. वैशाखात, जळगाव जिल्ह्यात, काडी ओली! आमच्याकडे वैशाखात जीभ ओली राहत नाही. मग म्हणाले, वाफ दाट झाली की तिथे हवा उरत नाही, विस्तव धरत नाही. मी म्हटलं, मग आम्ही एवढी माणसं तिथे काय खाऊन श्वास घेत होतो? त्यावर ते चिडले, आणि चिडले म्हणजे उत्तर नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

पण एक सांगायचं राहिलं. हळदीच्या दिवशी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा मी बांधाकडे ताट घेऊन गेले. हे टाकी बघायला गेले होते म्हणून. तर हे नावेपासून पार लांब, विहिरीपाशी उभे. हातात त्या दिवशीच्या त्याच दोन पेट्या. एकेक काडी ओढत होते. प्रत्येक पेटत होती. सगळ्या संपवल्या. मग रिकाम्या पेट्या खिशात घातल्या, नावेजवळ गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि चपला काढल्या. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुठल्या देवळात सुखासुखी चपला काढल्या नाहीत, त्यानं. हात जोडले की नाही ते दिसलं नाही, पाठ होती माझ्याकडे. मी ताट घेऊन पावलं न वाजवता परत आले.

त्या चपला बहुतेक कुत्र्यानं पळवल्या. धुळ्याला परतताना हे एसटीत दादाच्या रबरी स्लिपरा घालून बसले होते, टाचा बाहेर. चपला कुठे गेल्या मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जळगाव गेलं, एरंडोल गेलं... माणूस नुसता खिडकीबाहेर बघतोय. पारोळ्याला गाडी थांबली, मी चहा आणून दिला, तेव्हा ग्लासात बघत म्हणाले,

"काड्या ओल्या नव्हत्या."

मी म्हटलं, "बरं." आणि आम्ही चहा प्यायलो.