गळणाऱ्या बांगड्या

मेढ्याकडच्या आमच्या घरात परसातल्या मोरीपाशी मुंग्या लागायच्या. आई लघवीला जाऊन आली की थोड्याच वेळात काळी रांग तिथे यायची. मी मोरीकडे एकटी जायला घाबरायचे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिची लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली, तर नळीतलं पाणी विटकरी झालं. साखरेचा आजार. "वजन उतरवा, नाहीतर तुमचं काही खरं नाही," ते म्हणाले.

आई अंगानं भरलेली, आणि हट्टी तर त्याहून. तिनं गूळ सोडला, भात सोडला. एक भाकरी, पालेभाजी आणि ताक. सकाळी डोंगराच्या वाटेनं लांबवर चालून यायची. हळूहळू डॉक्टरांच्या नळीतलं पाणी हिरवं झालं, मग निळंच राहू लागलं. मुंग्या यायच्या थांबल्या. मोरीपाशी काहीच हलेना, तर मला त्याचीही भीती वाटायला लागली.

पण आईच्या बांगड्या गळू लागल्या. भांडी घासताना, पाणी शेंदताना एखादी आपसूक निसटायची, न फुटता. त्याच वर्षी सीमेवर लढाई लागली होती आणि वडील पलटणीबरोबर तिकडे होते. वडिलांची थोरली विधवा बहीण आमच्यातच असायची. आत्या ती बांगडी उचलून पदराखाली झाकायची.

"माझी बी अशीच गळली हुती," ती एकदा म्हणाली. "मग मालक गेल्याचा सांगावा आला. वाईच खात जा गं. हात भरू दे. माझा भाऊ तिकडं हाय."

"वन्सं, मीच मेले, तर त्या कुणाच्या हातात ऱ्हातील?"

कासाराकडून लहान मापाच्या भरल्या, त्याही ढिल्या पडल्या. हिला आतून काहीतरी खातंय, असं बायका बोलायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं.

एके दिवशी मोरीपाशी पुन्हा मुंग्या दिसल्या. मग कळलं, आत्या चिंचेच्या आमटीत लपवून गूळ घालत होती. आईनं स्वतःची चूल वेगळी मांडली आणि चालणं वाढवलं. वडिलांचं पत्र येईना. आत्या आईकडे अशी बघायची की मीही जेवताना आईपासून लांब बसायला लागले.

लढाई थांबली आणि एका दुपारी वडील दारात उभे राहिले, धडधाकट. आई उंबऱ्याशी सूप घेऊन बसली होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "आवं, घरातली माणसं कुठं गेली?"

"मीच हाय," आई म्हणाली. "बरी झालीय मी."

वडील एक पाऊल मागे सरले. आत्या धावत आली आणि भावाच्या गळ्यात पडून रडली. आईला कुणी हात लावला नाही. ती एवढी धडपडून जगली, आणि आमच्या घरात तिला सगळे घाबरले. मीसुद्धा.