खालाची पिलं

"पयले कानफटीत खा, मग बोल!" असं म्हणून खाला खरोखरच हात उचलायची. अहमदपुरात माझं कोंबड्यांच्या औषधांचं दुकान होतं, आणि ती माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तिथं तुम्ही उभे असता, तर तुम्हीही एक पाऊल मागं सरला असता.

भूकंपानंतरच्या निवाऱ्यांचे पत्रे स्वस्तात निघाले, ते घेऊन तिनं शेड उभारलं. लातुरात क्लासची पोरं वाढली, मेसना अंडी पुरेनात, आणि आमच्याकडं जो तो कोंबड्या पाळू लागला. पण खालासारखं खमकं माणूस दुसरं नव्हतं. लसीच्या दिवसांत नळाचं पाणी तिला चालत नसे; त्यातल्या ब्लिचिंगनं पाण्यात कालवलेली लस मरते. गड्यानं एकदा आळस करून तेच पाणी भरलं, तर तिनं भरलेली बादली त्याच्या पाठीत घातली.

लसीच्या आधी ती पिलांना पाण्यातून माझ्याकडची चांगल्या जंतूंची पावडर पाजायची. "पोट चांगलं तर लस अंगी लागते," हे विकताना मीच तिला सांगितलेलं. पुढं ती तेच मला दम देऊन सांगायची.

एका उन्हाळ्यात मानमोडी आली. शेडाशेडांत कोंबड्या माना पिरगाळून मरून पडल्या. खालाच्या तेवढ्या वाचल्या. पावडरीनं की नीट दिलेल्या लसीनं, मला सांगता येणार नाही. लोकांनी मात्र ठरवूनच टाकलं, "हिच्याच कोंबड्यांत रोग बसून हाय. मारा!"

भर दुपारी काठ्या घेऊन आले. त्यात तिचे जातवाले होते, आमचेही होते. मी पोचलो तेव्हा कोंबड्या ठेचून झाल्या होत्या, पत्र्यांवर रक्त उडालं होतं. नवी पिलं डालग्याखाली झाकून खाला वर पालथी पडली होती. जन्मभर दुसऱ्यांवर हात टाकलेली बाई पाठीवर काठ्या झेलत होती, पण हलत नव्हती. शेजारच्या शेडवाल्याच्या काठीनं तिचं उजवं मनगट मोडलं. माणसं पांगली, डालग्यातून चिवचिव ऐकू आली, आणि मला रडू फुटलं.

पुढं त्या पिलांना लस द्यायचा दिवस आला. बर्फात ठेवलेली लस घेऊन मी गेलो. तिचा हात प्लास्टरमध्ये. पिलांची पहिली लस पाण्यातून नाही, डोळ्यात थेंब टाकून द्यायची; तर पिलू धरायला कुणीतरी हवं. मी पुढं झालो.

"तू नको."

फाटकाशी तो शेजारी उभा होता. रोज यायचा म्हणे, आत यायची छाती होत नव्हती.

"ये बे हिकडं. धर."

त्यानं पिलू उचललं. निसटेल म्हणून मूठ आवळली.

खालानं डाव्या हातानं थेंब सोडला. "दाबू नको रे," ती म्हणाली, "जीव हाय त्यात."