मामीचा तांब्या आणि कारखान्याचा पडदा

जालन्याच्या एका औषधाच्या कारखान्यात मी सांडपाण्याचं काम बघायचो. बाकीचे गोळ्या बनवायचे, मी त्या गोळ्यांची उष्टी भांडी घासायचो म्हणा. कारखान्यामागे नाला, नाल्याकाठी मामाचं शेत, शेतात विहीर.

नोकरी लागल्यापासून मामाकडे जाणं अवघड झालं. पाहुणा ओसरीवर टेकला की तांब्या पुढं येतो आणि तो नाकारणं म्हणजे घर नाकारणं. नाल्यातून काय वाहतं हे मला ठाऊक. मामाला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, औषधच ना, जहर थोडंच आहे. मग मी बहाणे शोधू लागलो. आत्ताच चहा झाला, घसा धरलाय. एकदा तर पौर्णिमेच्या दिवशी निर्जळी एकादशी सांगून बसलो. मामी तांब्या तसाच आत घेऊन गेली. मला मात्र फार वाईट वाटलं.

पुढे कारखान्यात पडदा आला. पडदा म्हणजे लांब नळकांड्यांत गुंडाळलेली पातळ कापडासारखी चीज. पंपाच्या जोरावर सांडपाणी तिच्यावर रेटायचं, पाणी पार होतं, विरघळलेलं औषध अलीकडे राहतं. ते पिंपांत भरून जाळायला पाठवायचं. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, धोतर चौपदरी केलं असतं तर एवढा खर्चा वाचला असता. साखर विरघळलेलं पाणी धोतरातून गाळून त्याची गोडी जाते का बघ, असं मी म्हणालो. तिनं खरंच गाळून बघितलं आणि ते सरबत मलाच पाजलं. साखर दुकानची होती, पाणी कुठलं ते विचारायचा धीर झाला नाही.

दोन पावसाळे गेले. विहिरीचं पाणी मी दरवेळी तपासायला नेत होतो. एकदाचं ते स्वच्छ निघालं, तसा मी सायकल दामटत मामाकडे गेलो आणि ओसरीवर बसायच्या आधीच पाणी मागितलं.

मामीनं तांब्या आणला, पण हातात देईना.

"हिरीचं आणू का बोरचं?"

बोर कुठली, मी विचारलं. शेजारच्या वस्तीवरची, डोक्यावर हंडा घेऊन रोज आणते, असं ती म्हणाली.

"तू पौर्णिमेला एकादशी धरली, तवापासून आम्ही हिरीचं पीत न्हाई. सरबतबी बोरचंच होतं."

मी विहिरीचंच मागितलं. मामा गोठ्यातून हात पुसत आला, मामी दाराशी उभी राहिली, आणि मी तांब्या रिकामा करेपर्यंत दोघंही माझ्या घशाकडे बघत राहिले. मग मामीनं कोपऱ्यातला हंडा उचलला आणि बोरचं पाणी तुळशीला ओतून दिलं.