गच्चीवरचे ओले गोणपाट

एसीच्या बाहेरच्या युनिटवर ओले गोणपाट मीच टाकले होते, आणि बरेच दिवस मी ते घरात कळू दिले नाही.

परळीत माझे सारे आयुष्य कूलरसोबत गेले. वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या, खिडकी किलकिली ठेवायची. गारव्याबद्दलची माझी समज एवढीच. यंदा पत्नीला उन्हाचा झटका बसला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी खोली थंड ठेवण्याची ताकीद दिली, म्हणून एसी बसवला. गच्चीवरच्या त्याच्या युनिटमधून गरम वारा येताना पाहून मला वाटले, हे बिचारे तापते आहे. मी त्याला गोणपाट गुंडाळले आणि रोज सकाळी भिजवू लागलो. पत्नीला जिने चढायची मनाई होती. तिने ते पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे खोली थंड होईना. मी तिलाच बोललो, "सारखे दार उघडतेस, गारवा टिकणार कसा?"

"आवं, माणूस आलं तर दार न्हाई उघडायचं? लई नाजूक हाय की तुमचं यंत्र, नव्या नवरीवानी!"

हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी चौसाळ्याहून तिची बहीण आली, तेव्हा पत्नी बंद खिडकीच्या काचेतून तिच्याशी बोलत होती. "आत ये म्हणले असते बाई, पर गारवा जातो म्हणतेत." हे गोणपाटामुळेच होत असावे, अशी शंका तोवर माझ्या मनात आली होती. तरीही मी वर्तमानपत्रातून डोके काढले नाही.

मग एका दुपारी तिचा चेहरा पुन्हा लाल झाला. डोके ठणकते म्हणाली. एसीतून नुसता वारा येत होता. तिला मागच्या खोलीत पंख्याखाली निजवले, कपाळावर ओली पट्टी ठेवली, पाणी पाजले. ती सावरल्यावर एसीचा मेन स्विच पाडला. आतली जाळी काढून पाहिली. ती स्वच्छ होती. गच्चीवर गेलो.

गोणपाट उचलले आणि जागीच थबकलो. इथल्या कोळशाच्या वीज केंद्राची उडती राख रोजच्या पाण्याने भिजून युनिटच्या बारीक पत्र्यांवर गिलाव्यासारखी बसली होती. वाऱ्याला वाटच उरली नव्हती. मऊ ब्रश आणि पाण्याची बारीक धार घेऊन, पत्रे वाकू न देता, मी ती राख हळूहळू धुऊन काढली. तारांचे झाकण किंवा गॅसची नळी यांना हात लावला नाही. ते मेकॅनिकचे काम. सारे पूर्ण वाळू दिले आणि संध्याकाळी स्विच लावून पुन्हा वर आलो.

पंखा फिरला. जरा वेळाने तळहातावर धगधगता वारा आला, आणि तेव्हा कुठे मला उमगले की हे यंत्र तापत नव्हते, धग वाहून नेत होते. खालच्या खोलीची, तिथल्या भिंतींची, तिथे निजणाऱ्या माणसाच्या अंगाची उष्णता बोटाएवढ्या तांब्याच्या नळीतून इथवर चढून उघड्या आभाळात चालली होती. एवढी मोठी गोष्ट रोज माझ्या डोक्यावर घडत होती, आणि मी काळजीच्या नावाखाली तिचे तोंड दाबून धरले होते. कितीतरी वेळ मी हात मागे घेऊ शकलो नाही.

खाली आलो. खोली गार झाली होती, पत्नी पलंगावर येऊन बसली होती.

"आज मी एकदाबी दार उघडलं न्हाई," ती म्हणाली, "म्हणूनच खोली झाली असंल थंड."

मी तिच्यासमोर खाली बसलो. "दाराचा काही संबंध नव्हता. वर ओले गोणपाट मी टाकले होते, त्यानेच एसीचा गारवा बंद पडला. मला संशय आला होता, तरी गप्प राहिलो आणि तुला बोल लावला. बहिणीलाही तुझ्या दारातून परत जावे लागले. माझे चुकले. मला माफ कर."