अडल्याची खूण

जॉबरच्या घरात सकाळपासून आरडाओरडा असायचा, आणि तो सगळा एकट्या जॉबरचा असायचा. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो याचा पत्ता नसतो. "डबा घेतलास का?" असं तो सुनेला विचारायचा आणि समोरच्या इमारतीतली बाई खिडकीतून मान डोलवायची, घेतला म्हणून.

उभा जन्म त्याने यंत्रमागांच्या शेडमध्ये काढला. कापड विणायचं काम विणकरांचं. सूत इकडून तिकडे नेणारा धोटा अडकला, पट्टा सुटला, माग थांबला की धावायचं काम जॉबरचं. शेडमध्ये खडखडाट एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी फुकट. म्हणून तिथल्या लोकांनी हातांचीच बोली करून घेतली होती. अंगठा ओठाला लावला की पाणी. नाकाखालून बोट फिरवलं की मालक आला, मग त्या मालकाला मिशी असो वा नसो. आणि दोन्ही हातांची अंगठ्याजवळची बोटं एकमेकांत अडकवून ओढली की 'अडलंय, ये'. ही खूण दिसली की जॉबरने हातातला चहा ठेवून पळायचं, हा शेडचा कायदा. जॉबरने तो कधी मोडला नाही. फक्त निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आला.

मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं होतं. त्यातून भांडी, दारं आणि गाड्यांचे हॉर्न असे काही अंगावर यायला लागले, की "शेड परत डोक्यात भरली रे" म्हणून त्याने ते काढून ठेवलं. माणसाचा शब्द त्या कल्लोळातून वेगळा काढता येईना. मोठ्या माणसांचं त्याला अडत नसे. समोर तोंड असलं की ओठांवरून तो बरंचसं ओळखायचा. बाकीच्याला 'हो हो' म्हणायचा. त्या 'हो हो'मुळे एकदा तो शेजारच्यांच्या मांजरीचा आठवडाभर सांभाळ करायला बांधला गेला होता.

मुलगा नोकरीसाठी परगावी, सून कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी, आणि आजी तर नातीचं तोंड न बघताच गेलेली. त्यामुळे नात जन्मल्यापासून आजोबांच्या पदरात. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून जॉबर तिला कांडी म्हणाला. धोट्यात बसते ती सुताची बारीक गुंडाळी म्हणजे कांडी. पुढे पोरगी चांगली गुटगुटीत झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता खरं सांगायचं तर, एवढ्या लहान मुलाकडे एवढं लक्ष देणारा माणूस शोधून सापडला नसता. वाटाणे सोलायला बसले की कांडी एक दाणा उचलून त्याच्यासमोर धरायची. जॉबर हातातली शेंग ठेवून तो दाणा हिऱ्यासारखा उजेडात फिरवून बघायचा, मग आपला एक दाणा तिला दाखवायचा. तिने मोठा दाखवला की हा बारीक शोधायचा. पोरगी खदाखदा हसायची. दोघांच्या या व्यवहारात वाटाणे सोलून व्हायला दुपार व्हायची. कपड्यांच्या घड्या घालताना ती मोजा डोक्यावर घालायची, की हाही घालायचा, आणि तसाच दार उघडायला जायचा. ती जिकडे बघेल तिकडे तो बघे. तिचा हात हलला की याचा हात उत्तर देई. संध्याकाळी आई जिना चढून दारात आली की कांडी नाकाखालून बोट फिरवायची. सुनेला कितीतरी दिवस वाटत होतं की पोरीला सर्दी झालीय.

बटण लागत नाही, अडलंय. डब्याचं झाकण निघत नाही, अडलंय. गुडघा फुटला, तरी अडलंय. दोन चिमुकली बोटं एकमेकांत अडकली की जॉबर उठलाच. गुडघे कुरकुरायचे, पण उठायचा. आयुष्यात पहिल्यांदा अडलेला माग त्याच्याकडे बघून हसत होता.

फक्त कांडी बोलत नव्हती. तिच्या वयाची शेजारची मुलं दूध हवं, हे माझं, तू जा असं म्हणत घर डोक्यावर घेत होती. ही एक शब्द काढत नव्हती. सुनेने बराच काळ मनाची समजूत घातली आणि मग एके दिवशी दोघांना घेऊन ती बोलण्याचे धडे देणाऱ्या बाईंकडे गेली. तिथे आधी कान तपासले. जॉबरने श्वास रोखून धरला होता. पोरीचे कान खणखणीत निघाले.

"देव पावला," जॉबर एवढ्या मोठ्याने म्हणाला की बाहेर बसलेलं एक मूल रडायला लागलं.

बाईंनी दोघांना खोलीत खेळायला सोडलं आणि स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. जॉबर रंगीत ठोकळे जमवत होता. त्याच्या पाठीमागे कांडीचा चेंडू कपाटाखाली गेला. ती वाकली, हात पुरेना, आणि तिने आवाज काढला, "बा." जॉबर ठोकळे लावत राहिला. तिने अजून एकदा काढला, पण पहिल्यापेक्षा हळू. मग ती उठली, वळसा घालून त्याच्या समोर आली आणि दोन बोटं अडकवून ओढली. जॉबर लगेच गुडघ्यांवर बसला, पालथा झाला, आणि चेंडू काढून दिला.

सुनेने तोंडावर हात धरला होता. जॉबरला वाटलं, काहीतरी छान झालं.

बाई त्याच्या समोर येऊन बसल्या. त्यांनी कसलाही आव न आणता, सावकाश, ओठ दिसतील असं सांगितलं, "आजोबा, ती आवाज काढून बघते. आवाजाला तुमच्याकडून काहीच येत नाही. हाताला लगेच येतं. मग तिने आवाज सोडून दिला. हुशार आहे पोरगी."

"पण मी बोलतो की तिच्याशी! दिवसभर बोलतो. सगळी इमारत ऐकते!"

"बोलता हो. पण तिच्या आवाजाला कुणीतरी उत्तर द्यायला हवं. लगेच, तिथल्या तिथे."

जॉबरने सुनेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "मग मला एवढं सांगा, ऐकूच येत नाही त्याने उत्तर कधी द्यायचं?"

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

घरी येताना सून म्हणाली, "बाबा, तुमच्यावर राग नाही हो माझा." त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ज्या पोरीसाठी आपण जीव टाकतो तिचं तोंड आपणच बंद केलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. चूक सापडली असती तर त्याने ती पान्याने कसून काढली असती. इथे कसणार काय?

ठरलं असं की कांडीने दिवसभर पाळणाघरात राहायचं आणि घरी आजोबांनी हातांनी खुणा करायच्या नाहीत. पहिल्या संध्याकाळी तिने त्याला मोजा दाखवला, डोक्यावर घातला आणि वाट पाहिली. जॉबर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. ती जवळ आली आणि तिने त्याच्या मांडीखालून एक हात ओढून काढायचा प्रयत्न केला. तो निघेना, म्हणून तिने बोटं अडकवली. अडलंय. जॉबर उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

पाळणाघर गल्लीच्या टोकाला होतं. सांभाळणाऱ्या मावशी मोठ्या मनाच्या, पण त्यांनी बजावलं होतं, "आजोबा, रुळेपर्यंत तिला दिसू नका." जॉबर 'हो हो' म्हणाला होता, आणि या वेळी त्याला ते नीट समजलंही होतं. तरीही दुपारी पिशवी घेऊन भाजी आणायच्या निमित्ताने तो तिथल्या खिडकीच्या कडेला जाऊन उभा राहायचा. भाजीवाला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होता.

त्या दिवशी आत कांडी एकटीच भिंतीशी बसली होती. बुटाचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकला होता. तिने मावशींना बोटं अडकवून दाखवली. मावशींना वाटलं खेळ आहे. त्यांनीही हसून आपली बोटं तशीच अडकवली आणि दुसऱ्या मुलाचं नाक पुसायला वळल्या. कांडीने शेजारच्या मुलाला दाखवली. त्याने तिच्या बोटांवर एक ठोकळा ठेवला. तेवढ्यात तिची नजर वर गेली आणि खिडकीत तिला आजोबा दिसले.

तिने दोन्ही हात उंच केले. अडलंय, ये.

जॉबरचे पाय आपोआप दाराकडे निघाले होते. त्याने खिडकीचा गज धरला. एक हात गजावर, एक पिशवीत, असा तो उभा राहिला. ती ओढत राहिली, बोटं पांढरी पडेपर्यंत. मग तिचा चेहरा लाल झाला, मानेची शीर ताठ झाली आणि तोंड उघडलं. मोठं उघडलं. मावशी गर्रकन वळल्या, धावल्या, पट्टा सोडवून त्यांनी तिला उचललं आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून बोलायला लागल्या. तिचं तोंड परत उघडलं. मावशींनी परत उत्तर दिलं.

पोरीला घेऊनच मावशी दारात आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजोबा, हाक मारली तिने! 'आबा' म्हणाली, स्पष्ट. आमची सगळी मुलं दचकली!"

ओठांवरून जॉबरने ते बरोबर ओळखलं. "पुन्हा म्हणायला सांगा," तो म्हणाला, आणि वाकून त्याने आपला त्यातल्या त्यात बरा कान कांडीच्या तोंडाशी नेला.

तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. कानावर गरम वाफ आली, थोडी ओली. ती एकदा आली की दोनदा, आणि त्यात शब्द कुठे संपला, ते त्याला कळेना. त्यामुळे 'ओ' कधी द्यायची तेही कळलं नाही. घाईघाईने त्याने मान हलवली आणि मोठ्याने "ओ" म्हणाला. मावशींच्या चेहऱ्यावरून समजलं की फार उशीर झाला होता, किंवा फार लवकर.

कांडी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने खूण केली नाही. मग ती मावशींकडे वळली, काहीतरी म्हणाली, मावशींनी लगेच काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघी आत गेल्या.

दारातच पिशवीत दोन्ही हात घालून जॉबरने आपली बोटं एकमेकांत अडकवून पाहिली, आणि सोडवली. मग भाजीवाल्याकडे जाऊन त्याने वाटाणे मागितले, एवढ्या मोठ्याने की गल्लीतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.